वीस मिनिटांच्या आतला बाबा

गेल्या ऑगस्टच्या शेवटी बाबाने हॅमिल्टनचा नकाशा प्रिंट केला, फ्रीजवर चिकटवला आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, श्रियाच्या, कंपासपेटीतलं कंपास घेऊन हॉस्पिटलभोवती एक लाल गोल काढला. वीस मिनिटांचा. म्हणजे गाडीने वीस मिनिटांत हॉस्पिटल गाठता येईल तेवढाच भाग. आईने विचारलं, हे काय, तर म्हणाला, "काही नाही गं, रेफरन्ससाठी."

रेफरन्स कसला, तो त्या गोलाच्या बाहेर जायचाच बंद झाला.

आमचं घर गोलात, जेमतेम. त्याचा प्लांट गोलात, माझी युनिव्हर्सिटी गोलात, इंडियन ग्रोसरी गोलात. रॅग्लन बाहेर, ऑकलंड बाहेर, आणि काफिया तर कुठल्या कुठे बाहेर, सव्वा तासावर, डोंगरातून वळणं घेत घेत. तिथे फोनला धड रेंजसुद्धा नसते.

काफियाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, पण आधी बाबा कसा होता ते सांगते, नाहीतर तो पहिल्यापासून असाच घाबरट होता असं वाटेल आणि मला ते अजिबात चालणार नाही.

माझा बाबा गुरुदत्त. पुण्याहून इथे न्यूझीलंडला आला तेव्हा मी तीन वर्षांची होते. हॅमिल्टनजवळच्या दुधाच्या पावडरच्या प्लांटमध्ये तो कंट्रोल सिस्टिमचा इंजिनियर आहे, म्हणजे टँक किती भरला, ड्रायर किती तापला हे ज्या स्क्रीनवर दिसतं आणि काही बिघडलं की जो अलार्म वाजतो, ते सगळं त्याचं काम. मी आठ-नऊ वर्षांची असताना फॅमिली डेला त्याने मला कंट्रोल रूममध्ये नेलं होतं. एवढ्या मोठ्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "इरा, अलार्म कधी वाजायला पाहिजे?" मी म्हटलं, काहीतरी बिघडलं की. तर म्हणाला, "नाही. ऑपरेटरला काहीतरी करता येण्यासारखं असेल तेव्हाच. करण्यासारखं काही नसेल तर तो अलार्म नाही, ती नुसती कटकट." मागे बसलेले ऑपरेटर हसले. तेव्हा मला वाटायचं की त्या खोलीतले सगळे लोक माझ्या बाबाला विचारून श्वास घेतात.

आणि त्याचं हसणं. गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये आपल्या लोकांचं बॅडमिंटन असतं, तिथे पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना त्याचं हसणं ऐकू यायचं आणि आई म्हणायची, चला, आले आपले. दर ईस्टरला आम्ही चार-पाच कुटुंबं कॅम्पिंगला जायचो तेव्हा पहाटे वाऱ्यात तोच एकटा उठून गॅसवर पोहे करायचा, एका हाताने पातेल्यावर झाकण दाबून धरून, जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला घालून, त्या थंडीत. पोह्यांत वाळू असायची. आम्ही खायचो. आता वाटतं, वाळूचे पोहे परत कुणी दिले तर मी ताट चाटून खाईन.

हे सगळं एका गुरुवारी थांबलं. बॅडमिंटनच्या कोर्टवर, सर्व्हिस करता करता तो एकदम खाली बसला. नंतर सांगत होता, छातीत कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जिवंत मासा सोडल्यासारखं झालं. हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला, रात्रभर ठेवलं, आणि सांगितलं की एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ, आहे. म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांना विजेचे सिग्नल नीट मिळत नाहीत, म्हणून ठोके वेडेवाकडे पडतात. डॉक्टर फार छान होती. म्हणाली, खूप लोकांना असतं, रोज ही गोळी घ्या, झटका आला तर ही जादाची गोळी घ्या, आणि नेहमीसारखं जगा. खेळा, फिरा.

आम्ही सगळ्यांनी "नेहमीसारखं जगा" ऐकलं. बाबाने "झटका आला तर" एवढंच ऐकलं.

त्याला कारण होतं. आजोबा पुण्यात हार्ट अटॅकने गेले, २०२१ मध्ये, जेव्हा न्यूझीलंडची बॉर्डर बंद होती. बाबाने आपल्या वडिलांना शेवटचं फोनवर बघितलं. चुलतभावाने मोबाइल धरला होता आणि त्याचा हात हलत होता, म्हणून मधे मधे नुसती फरशी दिसत होती. बाबा डायनिंग टेबलाशी बसून ती फरशी बघत राहिला. फोन बंद झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि कामाला बसला. आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं बहुतेक.

डॉक्टरने त्याला नीट समजावलं की वडिलांचा आजार वेगळा आणि तुझा वेगळा, तो पाइपचा प्रॉब्लेम होता, हा वायरिंगचा आहे. बाबा इंजिनियर आहे, त्याला हे आमच्यापेक्षा चांगलं कळलं. त्याने मान डोलावली, घरी आला आणि हार्ट रेट मोजणारं घड्याळ ऑर्डर केलं.

मग सुरू झालं ते. घड्याळावर त्याने अलार्म लावले, नव्वदच्या वर गेलं की एक, शंभरच्या वर दुसरा, पंचावन्नच्या खाली तिसरा, ठोके अनियमित वाटले की चौथा. शिवाय फोनवर आणखी. जिने चढला की नव्वद, म्हणून जिने बंद. वरची बेडरूम सोडून खाली सोफा-कम-बेडवर झोपायला लागला. चहा बंद. गरम पाण्याची अंघोळ बंद, कोमट. डाव्या कुशीवर झोपायचं नाही. बॅडमिंटन तर बंदच. एक एक्सेल शीट होती, तिच्यात दर तासाचे आकडे, त्यांचे ग्राफ. ते चौदा पानं प्रिंट करून जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेला. पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट असते इथे, बिचाऱ्या डॉक्टरने दोन पानं बघितली आणि म्हणाला, तुझे आकडे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्याने क्लिनिकमधल्या हेल्थ कोचकडेही पाठवलं, तिने श्वासाचे व्यायाम दिले. बाबाने ते एक्सेलमध्ये टाकले, व्यायामाच्या आधीचे ठोके, नंतरचे ठोके, आणि फरक पुरेसा नाही म्हणून आणखी घाबरला.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीनदा इमर्जन्सीला गेलो. तिन्ही वेळा सगळं नॉर्मल. तिसऱ्यांदा नर्स खूप प्रेमाने म्हणाली, यायचं तेव्हा ये, लाज वाटून घेऊ नकोस. आणि नेमकी तेव्हाच त्याला लाज वाटली. परतताना सिग्नलला म्हणाला, "ओळखायला लागले मला तिथे."

सगळ्यात वाईट म्हणजे तो हळू बोलायला लागला. मोठ्याने हसलं की ठोके वाढतात ना.

नोव्हेंबरमध्ये आजी आली, सहा महिन्यांसाठी. बाबाची आई, शकुंतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होती, म्हणून अजूनही फोन उचलला की आवाज बदलतो. इथे बसस्टॉपवर सगळ्यांना "किया ओरा" म्हणते, म्हणजे माओरीत नमस्कार, अगदी कुत्र्यालासुद्धा. तिने पहिल्याच दिवशी फ्रीजवरचा गोल बघितला.

"हे काय, लक्ष्मणरेषा का?"

"आई, तू दमली असशील, झोप."

"मी विमानात झोपून आलेय. पुण्याहून इथपर्यंत आले मी सतरा तास हवेत बसून, आणि हा गाडीत वीस मिनिटांच्या वर बसत नाही."

बाबाचं घड्याळ वाजलं. आजीने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ, त्यालाही पटलं."

पण खरं सांगायचं तर आजीसुद्धा घाबरली होती. रोज रात्री झोपायला जाताना ती सोफ्याजवळ जायची आणि बाबाच्या पांघरुणाचं टोक उगाच सारखं करायची. टोमणे सगळे दिवसा.

फेब्रुवारीपासून तिने काफियाचं काढलं. मागच्या वेळी, २०१८ मध्ये, आजी आणि आजोबा दोघं आले होते तेव्हा बाबा आम्हाला काफियाला घेऊन गेला होता. तिथे काळ्या वाळूचा समुद्रकिनारा आहे आणि ओहोटीला वाळूत एका ठरावीक ठिकाणी खणलं की खालून गरम पाणी येतं. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, बस्स, मग समुद्र परत येतो आणि सगळे खड्डे भरून टाकतो. तेव्हा बाबाने फावड्याने हा एवढा खड्डा खणला, घामाघूम झाला, आणि आजोबांना हात धरून त्यात बसवलं. आजोबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि वर स्वेटर. पाण्यात बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "गुरू, बंबाचं पाणी आहे रे." त्यांचे गुडघे दुखायचे कायम, पण त्या दिवशी गाडीपर्यंत स्वतः चालत गेले. रस्ताभर तेच, बंबाचं पाणी, बंबाचं पाणी.

आजीची परतीची फ्लाइट अठरा मेला होती. ती म्हणायची, "मी काय परत येत नाही आता. एवढा प्रवास झेपत नाही. मला एकदा तिथे बसायचंय, जिथे हे बसले होते."

बाबा म्हणायचा, बघू.

मी म्हटलं, आजी, मी नेते, माझ्याकडे फुल लायसन्स आहे आता. तर म्हणाली, "तू काय खणणार? तुला साधा कांदा चिरता येत नाही. आणि मला माझ्या मुलाबरोबर जायचंय." बाबा तिथेच होता. घड्याळाकडे बघत होता.

आणि एप्रिलमध्ये मी ते बोलले. मला तेव्हा माझ्या असाइनमेंटचं टेन्शन होतं, झोप नव्हती, पण ती काही सबब नाही. जेवताना आजी पुन्हा म्हणाली, ओहोटीच्या वेळा बघून ठेव रे, आणि बाबा त्याच्या त्या नवीन हळू आवाजात म्हणाला, "आई, तिथे रेंज नाही. काही झालं तर अॅम्ब्युलन्सला तास लागेल." मी चमचा आपटला आणि म्हटलं, "बाबा, तू मरायला इतका घाबरतोस की आम्हाला आत्ताच बिनवडलांचं केलंयस."

श्रिया म्हणाली, "Oh my God, Ira." ती मराठी सगळं समजते, बोलते इंग्लिश.

आई ताट घेऊन उठली. बाबा बसून राहिला. मला वाटलं घड्याळ वाजेल, पण नाही वाजलं. त्याने नीट जेवण संपवलं, ताट धुतलं आणि सोफ्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. उजव्या कुशीवर. मी खोलीत जाऊन खूप रडले. मला माफी मागायची होती, पण जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, दोनदा.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, हेमी आला. हेमी बाबाच्या प्लांटमधला शिफ्ट ऑपरेटर, बावीस वर्षं तिथे आहे, मोठा माणूस, अंगाने आणि सगळ्यानेच. त्याच्या घरी फिजोआची, म्हणजे हिरव्या पेरूसारख्या फळाची, दोन झाडं आहेत आणि दर एप्रिलमध्ये तो सुपरमार्केटच्या पिशव्या भरभरून वाटत सुटतो. आजीला फिजोआ भयंकर आवडतं, ती त्याची गूळ घालून चटणी करते आणि हेमीला एक बाटली देते. दोघांची भाषा एक नाही, पण दोघं तासभर बोलू शकतात.

तो स्वयंपाकघरात बसला. आईने चहा केला. बाबासाठी कोमट पाणी. पहिल्या दहा मिनिटांत बाबाचं घड्याळ तीनदा वाजलं. प्रत्येक वेळी बाबा दोन बोटं मनगटावर ठेवून गप्प बसायचा आणि आम्ही सगळे पण गप्प बसायचो, आम्हाला सवयच झाली होती.

हेमी इंग्लिशमध्येच बोलला सगळं, मी आपलं मराठीत सांगते. म्हणाला, "गुरू, काय आहे ते?"

बाबाने सांगितलं. नव्वद, शंभर, पंचावन्न.

"मलाही आहे एएफ," हेमी म्हणाला. "अकरा वर्षं झाली. माझ्या भावालाही आहे. आम्हा माओरींमध्ये लवकर येतं."

बाबाला माहीतच नव्हतं. रोज भेटणारा माणूस. "कधी बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि तुझं तरी मला कुठे माहीत होतं, मला वाटलं तुझी पाठ धरली." मग त्याने फ्रीजकडे बघितलं, गोलाकडे, बराच वेळ. "तुला आठवतं, तू आलास तेव्हा आमच्या स्क्रीनवर किती अलार्म होते? एका शिफ्टला दोन-दोन हजार वाजायचे. आम्ही बघायचोच नाही, नुसतं बटण दाबून गप्प करायचो. तू आलास आणि एकेक अलार्म घेऊन बसलास आमच्याबरोबर. सहा महिने. तुझा तो फॉर्म. मला चीड यायची त्या फॉर्मची."

बाबा थोडासा हसला. "तू त्याच्यावर शिव्या लिहिल्या होत्यास."

"सगळ्यांवर तोच एक प्रश्न. हा वाजला तर ऑपरेटर काय करणार." हेमीने बाबाच्या मनगटाकडे बोट केलं. "आत्ता वाजला. तू काय केलंस?"

बाबाची दोन बोटं अजून मनगटावरच होती.

"काहीच नाही केलंस भाऊ. नुसता घाबरलास."

मला वाटलं आता बाबा चिडेल. आजीला शब्द कळले नसतील, पण ती गॅसपाशी चटणी ढवळायची थांबली होती. बाबा म्हणाला, "ते मशीन आहे हेमी. हे मशीन नाही." हेमी म्हणाला, बरोबर, आणि मग तो फिजोआबद्दल बोलायला लागला, यंदा किती लागलेत, पोसम नावाच्या प्राण्यांनी किती खाल्ले, आणि चटणीची बाटली घेऊन गेला.

मी खोटं सांगणार नाही की बाबाचं डोकं तिथल्या तिथे फिरलं वगैरे. तो दिवसभर फुरंगटून होता. पण संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि मला हाक मारली, "इरा, जरा ये." आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा. स्क्रीनवर त्याच्या प्लांटचा तोच फॉर्म होता. अलार्म, कारण, दुर्लक्ष केलं तर काय होईल, ऑपरेटरने काय करायचं. त्याने स्वतःचे अलार्म एकाखाली एक लिहिले होते. अकरा.

"मला एकट्याला नाही करता येत," तो म्हणाला. "नियम आहे, रिव्ह्यूला ऑपरेटर पाहिजेच. ज्याला आवाज ऐकावा लागतो तो."

मग आम्ही सगळे बसलो. आई, आजी, श्रिया, मी. मी वाचत होते, तो टाइप करत होता. नव्वदच्या वर. कारण काय? जिना चढला, राग आला, बाथरूमला गेला. दुर्लक्ष केलं तर? काही नाही. काय करायचं? बाबाने बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकू दिला आणि मग टाइप केलं, काही नाही. काढून टाकला.

डाव्या कुशीवरून वाद झाला. तो म्हणाला, कुशीवर झोपलं की ठोके जाणवतात. आई म्हणाली, "जाणवू देत ना. मला तुझं घोरणं जाणवतं, मी अलार्म लावला का?" आजी हसून हसून खोकायला लागली. श्रिया म्हणाली, "Baba, that one's definitely a nuisance alarm," आणि बाबाने तिच्याकडे असं बघितलं, जसं कंट्रोल रूममध्ये माझ्याकडे बघितलं होतं.

अकरातले दोन उरले. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलता येईना, तर १११ला, म्हणजे अॅम्ब्युलन्सला, फोन. आणि धडधड सुरू झाली तर जादाची गोळी, बसणं, पाणी पिणं आणि डॉक्टरने सांगितलेल्या वेळेत थांबली नाही किंवा श्वास लागला तर हॉस्पिटल. सोमवारी त्याने हे दोन जीपीला फोनवर वाचून दाखवले, त्याने हो म्हटलं. गरम पाण्यात बसलेलं चालेल का हेही विचारलं. डॉक्टर म्हणाला, चालेल, फार वेळ नको आणि पाणी पीत राहा.

पण फ्रीजवरचा गोल तसाच होता. घड्याळ गप्प झालं म्हणून भीती थोडीच जाते. उलट पहिले चार दिवस तो दर पाच मिनिटांनी बोटाने नाडी बघत होता. एकदा पहाटे मी पाणी प्यायला खाली आले तर सोफ्यावर बसलेला. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशीचं सॉरी." तो म्हणाला, "अगं, खरंच बोललीस." मग थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, म्हणजे आजोबा, गेले तेव्हा घरात तीन माणसं होती, आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं." त्याला ते हिशेबासारखं सांगायचं होतं की नुसतं आठवलं, मला अजून कळलं नाहीये.

नऊ मेला, शनिवारी, ओहोटी दुपारी एक वीसला होती. सकाळी आजी उठली तर बाबाने गॅरेजमधून फावडं काढून गाडीत टाकलेलं. आजी मुकाट्याने नऊवारीवरून पाचवारीवर आली आणि स्वेटर घातला. एरवी ती सण असल्यासारखी नऊवारी नेसून बाहेर जाते.

पिराँगियापर्यंत बाबाने गाडी चालवली. तिथून पुढे डोंगर सुरू होतो. गावातल्या डेअरीसमोर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. चेहरा पांढरा. आई उतरली. मी काचेतून बघत होते, तो काहीतरी म्हणत होता आणि आई ऐकत होती, नुसती ऐकत होती. आजी मागे बसून म्हणाली, "परत जाऊ या म्हणाला तर जाऊ या हं. कुणी काही बोलायचं नाही त्याला." आणि तिने पर्सचं बटण उघडलं, बंद केलं, उघडलं.

बाबा परत आला तो मागच्या सीटवर, आजीशेजारी. मला म्हणाला, "इरा, तू चालव. वळणं हळू घे." मी इतकी हळू घेतली की मागे सात गाड्या जमल्या.

किनाऱ्यावर जायला आधी वाळूची टेकडी चढावी लागते. बाबा तीनदा थांबला. आजी पण तीनदा थांबली, मला वाटतं मुद्दाम. खाली उतरल्यावर तो जागा शोधत अनवाणी फिरला, कुठे वाळू कोमट लागते ते पायाने बघत, मग खणायला लागला. हळू, मधे मधे फावड्यावर टेकून. श्रिया आणि मी हातांनी वाळू ओढत होतो. पाणी आलं. आजीने हात घातला आणि काही न बोलता साडी वर खोचून आत बसली. डोळे मिटले. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

बाबा तिच्या शेजारी बसला. आणि पाचच मिनिटांत त्याने आईकडे बघून म्हटलं, "आलंय."

आईने पिशवीतून गोळी काढली, पाणी दिलं. त्याने गोळी घेतली आणि खड्ड्याच्या काठावर सरकून बसला, पाय फक्त पाण्यात. कुणी पळालं नाही. कुणी फोन वर करून रेंज शोधली नाही. आजीने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. मला दिसत होतं, त्याच्या गळ्याशी शीर कशी उडत होती, एक, मग दोन घाईघाईने, मग काहीच नाही, मग परत.

"दुखतंय का?" आजीने विचारलं.

"नाही."

"श्वास?"

"ठीक आहे."

"मग येऊ दे. बसू दे त्याला आपल्यात." आणि ती सांगायला लागली, एक्स्चेंजमध्ये असताना नागपूरचा एक माणूस रोज संध्याकाळी आपल्या बायकोला ट्रंककॉल लावायचा आणि तीन मिनिटं दोघं नुसते "जेवलीस का, जेवलास का" एवढंच बोलायचे, आणि लाइन तुटली की आजी स्वतःहून परत जोडून द्यायची. बाबाने ही गोष्ट शंभरदा ऐकली असणार. तरी त्याने विचारलं, "मग तुझी सुपरवायझर ओरडायची नाही?" आणि आजी म्हणाली, "ओरडायची तर. ओरडू दे."

किती वेळ गेला मला माहीत नाही. मी घड्याळ बघितलं नाही, मला वाटतं कुणीच नाही. समुद्र लांब होता तो जवळ यायला लागला. बाजूच्या खड्ड्यातले लोक टॉवेल गुंडाळून निघाले. पहिली लाट आमच्या खड्ड्याच्या तोंडाशी आली, थंडगार, आणि श्रिया किंचाळली. आजी म्हणाली, "एवढ्यात?" अगदी लहान मुलीसारखं.

बाबाने फावडं घेतलं. आई म्हणाली, "गुरुदत्त, थांबलं का?"

तो एक क्षण उभा राहिला, आत कान देऊन. "माहीत नाही," तो म्हणाला. "आईला बसू दे अजून थोडं." आणि तो समुद्राच्या बाजूला वाळूचा बांध घालायला लागला. लाट यायची, बांध अर्धा घेऊन जायची, तो परत घालायचा. मी दुसऱ्या बाजूने हातांनी वाळू लोटत होते, श्रियासुद्धा, आणि आजी मधोमध त्या गरम पाण्यात बसून आम्हाला सूचना देत होती, इकडे लावा, इकडून येतंय, गुरू, तिकडे बघ. बाबा गुडघाभर समुद्रात उभा होता, पँट भिजलेली, आणि मोठ्या आवाजात म्हणत होता, "बघतोय आई, बघतोय."